एका लॅपला किती पडतं?

मागच्या एपिसोडमध्ये मी बोलता बोलता सांगून गेलो की माझी जुनी स्विफ्ट घेऊन मी ट्रॅकवर जातो, आणि त्यानंतर जे मेसेज आले त्यातले निम्मे एकाच प्रश्नाचे होते. भाऊ, खर्च किती येतो? आणि दुसरा लगेच, कमी कसा करायचा? तर आज तेवढंच. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिखित रूप.

आधी एक मिनिट, ट्रॅक डे म्हणजे काय ते. रेस नाही. सर्किट एक दिवस भाड्याने घेतलेलं असतं, आपण फी भरून आपली गाडी न्यायची. गाड्यांचे वेगाप्रमाणे गट करतात, प्रत्येक गटाला पंधरा-वीस मिनिटांचं सेशन मिळतं, दिवसात अशी चार-पाच सेशन्स. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने हात दाखवल्यावर. बक्षीस नाही, पोडियम नाही. रस्त्यावर जे करू नये ते करायची ही एकमेव जागा, असं मी तरी समजतो.

आता माझा पहिला ट्रॅक डे. फेब्रुवारी २०२३. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट, पूर्वी एमएमआरटी म्हणायचे, आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट. १९९० पासून चालू आहे, ३.७ किलोमीटरचा एक लॅप. पुण्याहून बेंगळुरूमार्गे साधारण १,२०० किलोमीटर एक बाजू. मी आणि माझी २०१२ ची सेकंडहँड स्विफ्ट पेट्रोल. बी.टेक. झालेला माणूस, पाच वर्षांचा अनुभव, यूट्यूबवर शंभरेक व्हिडिओ बघितलेले. म्हणजे आत्मविश्वास भरपूर.

जायच्या आधी महिनाभर मी गाडीवर पैसे लावत होतो. कोन एअर फिल्टर, आवाज करणारा एक्झॉस्ट, भोकं पाडलेल्या डिस्क. २३,००० रुपये. गॅरेजवाल्याला म्हणालो ब्रेक ऑइल पण बघून घ्या. त्याने बोनेट उघडलं, डबीकडे बघितलं, म्हणाला लेव्हल ठीक आहे. मीही मान डोलावली. ते ऑइल कधी बदललंय हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी विचारलंसुद्धा नाही.

पहिलं सेशन मस्त गेलं. दुसऱ्या सेशनच्या पाचव्या लॅपला सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल स्पंजसारखं आत गेलं. परत दाबलं, आणखी खाली. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा फ्लोअरला टेकलं. त्या दोन सेकंदांत मी काय केलं ते मला धड आठवतही नाही. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला असणार, कारण गाडी गवतात गेली तेव्हा दुसऱ्यात होती. टायरच्या भिंतीला नाक टेकलं तेव्हा वेग फार नव्हता. बंपर तुटला, खालचं कव्हर फाटलं, मला काही झालं नाही. मार्शल धावत आला, मी हात वर करून दाखवला आणि मग गाडीतच बसून राहिलो. पाय थरथरत होते, उठताच येत नव्हतं.

तिथल्याच एका सिनियर भाऊंनी ब्रेक ऑइल बदलायला मदत केली. जुनं ऑइल चहासारखं काळपट निघालं. बंपरला टेप लावली आणि परतीला लागलो. मी मूळचा सातारचा, आणि पुणे-बेंगळुरू हायवे सातारवरूनच जातो. घर हायवेपासून पंधरा मिनिटांवर. रात्री अकरा वाजता मी तो फाटा गेला तसा जाऊ दिला. टेप लावलेला बंपर घेऊन दारात उभं राहायची हिंमत नव्हती. माझे पप्पा एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. एकही अपघात नाही.

पण होळीला घरी जावंच लागलं. नवीन बंपरचा रंग किंचित वेगळा होता. पप्पा गाडीभोवती एक फेरी मारून आले, समोर वाकले, काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर म्हणाले, ‘‘काय झालं होतं?’’ मग मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, ‘‘किती फेऱ्या मारल्या?’’ म्हटलं, अकरा. ‘‘आणि खर्च किती आला?’’

मी तोपर्यंत बेरीज केली नव्हती. खरंच केली नव्हती. दिवसभर एक्सेलमध्ये बसणारा माणूस, पण स्वतःच्या या खर्चाची एकही ओळ लिहिली नव्हती. मोबाईल काढला, पप्पांसमोर यूपीआयची हिस्टरी उघडली. फी १२,०००. जाण्यायेण्याचं पेट्रोल १५,५००. टोल ३,०००. लॉज आणि जेवण ४,०००. ट्रॅकवरचं पेट्रोल १,८००. आधीचं सामान २३,०००. नंतर पुढचे दोन टायर १०,०००, पॅड २,४००, बंपर-कव्हर-मजुरी १४,३००. एकूण ८६,०००.

पप्पांनी मनातच भागाकार केला. ‘‘म्हणजे एका फेरीला पावणेआठ हजारांच्या वर.’’

त्या वर्षी पावसाळ्याआधी घराच्या स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगला पैसे पाठवतो असं मी म्हणालो होतो. साठ हजारांचं काम होतं. नाही पाठवू शकलो. जुलैमध्ये आईने व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघरात ठेवलेलं घमेलं दाखवलं, गमतीने दाखवलं, पण मी ते विसरलेलो नाही.

मला ट्रॅक सोडायचा नव्हता. पण पप्पांचा प्रश्न डोक्यात बसला. एसटीच्या डेपोत डिझेलचा हिशोब किलोमीटरवर लागतो. आपण बोलतो ते एकूण खर्चावर, किंवा त्याहून वाईट, फक्त फीवर. म्हणून मी एक शीट केली. त्यात एकच मुख्य आकडा ठेवला, एका लॅपला किती रुपये. आणि प्रत्येक खर्चासमोर लिहिलं, हा गेला कुठे.

लिहिल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही की २३,००० चं सामान एका सेकंदाच्याही कामाचं नव्हतं. त्या फिल्टरने आणि एक्झॉस्टने आवाज वाढला, बस. आणि जी गोष्ट हवी होती, म्हणजे ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल, ती मजुरी धरून दीड हजाराच्या आत होते. ती नव्हती म्हणून पुढचे चौदा-पंधरा हजार बंपरमध्ये गेले आणि उरलेली तीन सेशन्स वाया गेली. फी मात्र पाचही सेशन्सची भरलेली.

इथे जरा थांबून गणित बघू, कारण सगळा खेळ उष्णतेचा आहे. माझी गाडी माझ्यासकट साधारण १,०५० किलो. ताशी १५० वरून ७० वर यायचं तर जवळपास ७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. थोडी हवेला जाते, थोडी इंजिनला, पण बहुतेक सगळी डिस्क आणि पॅडमध्ये. ७ लाख ज्यूल म्हणजे किती? नळाचं सव्वादोन लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला लागते तेवढी. एका ब्रेकिंगला, चार-पाच सेकंदांत. आणि लॅपमध्ये असे जोरदार ब्रेक चार-पाच वेळा. रस्त्यावर आपण कधीच असं करत नाही, त्यामुळे रस्त्यावर कधी कळतच नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ नवीन असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे, पण पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत खाली येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. डॉट ५.१ चे २६० आणि १८०. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि तुमचा पाय त्या बुडबुड्यांना दाबत बसतो. चाकापर्यंत काही पोचत नाही. माझं जे पेडल खाली गेलं ते हेच. डबीतली लेव्हल पूर्ण भरलेली असताना हे होऊ शकतं, म्हणून ‘लेव्हल ठीक आहे’ या उत्तरावर जाऊ नका. आणि नुसतं डॉट ५ लिहिलेलं ऑइल मिळालं तर घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, आपल्या गाडीतल्या ऑइलमध्ये मिसळत नाही. ५ आणि ५.१ दिसायला भाऊ वाटतात, नातं काही नाही.

मग उष्णता कमी कशी करायची? मोठे ब्रेक लावून? नाही. पाय लवकर उचलून. हे ऐकून ट्रॅकवरचे मित्र हसतात, पण आकडे बघा. सरळ पट्ट्याच्या शेवटी १५० ऐवजी १४० वरूनच ब्रेक मारला, तर उष्णता साधारण एक षष्ठांशाने कमी होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते. वेळ किती गेला? स्विफ्टसारखी गाडी १४० च्या पुढे रडत रडत वाढते. त्या शेवटच्या दीडशे मीटरमध्ये गाडी १४० लाच धरून ठेवली, तर माझ्या गणितात सेकंदाचा जेमतेम आठवा भाग जातो. एक अष्टमांश सेकंद देऊन सतरा टक्के ब्रेक वाचतात. यापेक्षा चांगलं डील मला कुठल्याच सेलमध्ये मिळालेलं नाही.

दुसरं, सेशनमधले सगळे लॅप जोरात मारू नका. मी आता सहा लॅप असे लावतो. पहिला टायर आणि ब्रेक गरम करायला, मधले चार जोरात, शेवटचा ब्रेकला जवळजवळ हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गाडी थंड करायला. पूर्वी मला वाटायचं पहिला-शेवटचा फुकट गेला. पण त्या दोन लॅपमुळे पाचही सेशन्स मिळतात.

आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेला भाग दाबून धरला तर तो वाकडा होऊ शकतो, चिकटू शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली लाकडी ठोकळा. हा ठोकळा मला पप्पांनी करून दिलाय, सागवानी, वर दोरी लावलेला, एसटीत असतो तसा. माझ्या सगळ्या ट्रॅक सामानातली हीच वस्तू अशी आहे की लोक थांबून विचारतात, कुठे मिळाली.

पप्पांचा घाटातला एक नियम आहे, सगळ्या जुन्या ड्रायव्हर लोकांचा असतो. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकवर बसू नको. खंबाटकीत तो शंभर टक्के बरोबर. ट्रॅकवर अर्धाच बरोबर. ‘ब्रेकवर बसू नको’ हे खरं. लांबून हलका हलका दाबत येण्यापेक्षा थोडा वेळ जोरात दाबून सोडलेला बरा, डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. पण इंजिनने वेग कमी करण्यासाठी धडाधड गिअर खाली टाकणं, हे महागात जातं. पॅडचा सेट दोन-अडीच हजारांचा. क्लच आणि गिअरबॉक्सचं बिल कधी बघितलंय? हे मी पप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘तुझ्या ट्रॅकला चढ असेल तेव्हा बोल.’’

टायर. खर्चात ब्रेकनंतर हाच. पहिल्या वेळी माझे पुढचे दोन टायर अकरा लॅपमध्ये बाहेरच्या कडेने गेले. मध्ये नक्षी शाबूत, कडेला टक्कल. दोन कारणं. एक, हवा चुकीची. मी कुणाचं तरी ऐकून थंड टायरमध्ये २४ ठेवली होती. साइडवॉल मुडपली आणि गाडी टायरच्या खांद्यावर चालली. टायर तापला की हवा वाढते, दर पाच-सहा अंशांना साधारण १ पीएसआय. त्यामुळे कंपनीचा आकडा घेऊन सुरुवात करायची, सेशननंतर लगेच गरम असताना मोजायची, वाढलेली थोडी सोडायची. किती सोडायची ते खडू सांगतो. पाटीवरचा साधा खडू घ्या, टायरच्या कडेला आडवी रेघ मारा, दोन लॅप मारून या. रेघ किती खाली घासली गेली त्यावरून कळतं टायर किती मुडपतोय. दहा रुपयांचं टेलिमेट्री. आणि हो, परतीच्या हायवेआधी हवा पुन्हा भरायची. हे विसरू नका, सामान भरलेल्या गाडीत कमी हवेवर रात्रभर हायवे हाणणं ट्रॅकपेक्षा धोक्याचं आहे.

दुसरं कारण मी स्वतः. पुढच्या चाकांची गाडी वळणात सरळ जायला लागली की नवीन माणूस स्टिअरिंग आणखी वळवतो. टायर ओरडतो, गाडी वळत नाही, रबर जातं. उलट करायचं असतं, थोडं सरळ करायचं आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. हे मला दुसऱ्या ट्रॅक डेला एका इन्स्ट्रक्टरने शेजारी बसून वीस मिनिटांत शिकवलं. दीड हजार घेतले. माझ्या आजवरच्या सगळ्या खर्चातले सगळ्यात कारणी लागलेले दीड हजार ते.

ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरणारा असेल तर उजवी वळणं जास्त, म्हणजे डावा पुढचा टायर सगळ्यात जास्त मार खातो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जॅक काढायचा आणि पुढचे-मागचे अदलाबदल करायचे. अर्धा तास जातो, घाम निघतो, पण एक सेट दोन वेळा पुरतो. चाकाचे नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. पायाने पान्यावर उभं राहून नाही.

आणि गाडी निवडताना टायरची साइज बघा, हे कुणी सांगत नाही. माझ्या मित्राची गाडी माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीची, १८ इंची चाकं. त्याच्या एका टायरच्या किमतीत माझे दोन येतात आणि वर वडापाव. जड गाडी म्हणजे जास्त उष्णता, जास्त उष्णता म्हणजे जास्त पॅड. त्याचा लॅप माझ्यापेक्षा बारा सेकंदांनी वेगवान आहे, मान्य. तो वर्षात एकदा येतो आणि दोन सेशननंतर गाडी सावलीत लावून माझ्याच गाडीला टायमर लावत बसतो, हेही तेवढंच खरं.

आता सगळ्यात मोठा खर्च, जो मला सगळ्यात शेवटी दिसला. अंतर. माझं ट्रॅकवरचं पेट्रोल १,८०० आणि तिथे जाण्यायेण्याचं १५,५००. आठपटीपेक्षा जास्त! मी ब्रेक आणि टायर वाचवायला डोकं लावत होतो आणि पैसा हायवेवर चालला होता. आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला हे दुखणं आहेच. मद्रास लांब, कोइम्बतूरचं करी मोटर स्पीडवे लांब, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट तर आणखी लांब. पुण्याजवळ नानोलीचा ट्रॅक आहे, तो छोटा आहे, पण शिकणाऱ्यासाठी छोटा ट्रॅक हा तोटा नाही. वेग कमी म्हणजे ब्रेक आणि टायर दोन्ही वाचतात, चूक केली तर कमी वेगात करता, आणि रात्री घरी येऊन झोपता. मला २०२३ मध्ये कुणी सांगायला हवं होतं की पहिला ट्रॅक डे सगळ्यात प्रसिद्ध सर्किटवर नको, सगळ्यात जवळच्या सर्किटवर कर.

तरी मद्रासला जायचंच असेल, आणि मलाही जायचंच असतं, तर एका प्रवासात दोन दिवस बसवा. शनिवार-रविवार. फी दुप्पट होते पण पेट्रोल, टोल तेवढाच राहतो. मी आता ताफ्यात जातो, तीन गाड्या, एक जॅक, एक कंप्रेसर, एक टूलकिट, एक रूम. एकाच गाडीत दोन ड्रायव्हर ही आयडिया पण आम्ही करून बघितली. प्रवास अर्धा झाला, पण गाडीला विश्रांतीच मिळेना. मी उतरलो की तो चढला. दुपारपर्यंत पॅड धूर काढायला लागले. दोघांनी एक गाडी वापरायची तर प्रत्येकी निम्मीच सेशन्स घ्यायची, नाहीतर वाचवलेलं सगळं ब्रेकमध्ये जातं. शिवाय गाडी ज्याची त्याने दुसऱ्याला मनापासून ‘चालव’ म्हणायला वेगळं काळीज लागतं.

लाइन शिकायला घरी बसून ऑनबोर्ड व्हिडिओ बघा, सिम्युलेटर असेल तर उत्तम. कुठल्या वळणानंतर कुठलं येतं एवढं पाठ असलं तरी पहिल्या सेशनचे चार लॅप वाचतात. ते चार लॅप तुम्ही पैसे देऊन घेतलेले असतात.

एक गंभीर गोष्ट. इन्शुरन्स. तुमच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’ नावाचा परिच्छेद असतो. त्यात संघटित शर्यत, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल यांसाठी वापर कव्हर नाही असं लिहिलेलं असतं. ट्रॅक डे रेस नसतो असा वाद घालता येईल, पण तो वाद तुटलेली गाडी घेऊन, एकट्याने घालावा लागतो. मी धरूनच चालतो की ट्रॅकवर इन्शुरन्स शून्य. झिरो डेप वगैरे सगळं गेटच्या बाहेर. त्यामुळे माझा स्वतःचा नियम असा की जी गाडी उद्या पूर्ण गेली तरी घर चालेल, तीच ट्रॅकवर न्यायची. हप्ते चालू असलेली नवीन गाडी घेऊन येणारी मुलं दिसतात तेव्हा मला त्यांच्याशी बोलावंसं वाटतं, पण त्या वेळी ते हेल्मेट घालत असतात आणि कोण ऐकणार. आयोजकांच्या फॉर्मवर सही करण्याआधी तोही वाचा. बॅरियरचं नुकसान झालं तर भरायचं कुणी, ते त्यात असतं.

आता माझी शेवटची ट्रिप, याच वर्षीची, आकड्यांत. मद्रास, दोन दिवस. फी २२,०००. प्रवासाचं पेट्रोल १५,५००, टोल ३,०००, रूममधला माझा वाटा २,०००. ट्रॅकवरचं पेट्रोल ४,०००. पॅड २,२००, ब्रेक ऑइल मजुरीसकट १,४००, इंजिन ऑइल २,५००, अलाइनमेंट ६००. टायरची झीज मी ४,००० धरतो. एकूण ५७,२००. लॅप झाले ५८. म्हणजे लॅपला ९८६ रुपये. ७,८०० वरून ९८६. लॅप टाइम? पहिल्या ट्रिपपेक्षा नऊ सेकंदांनी कमी, त्याच इंजिनवर, कंपनीचाच एक्झॉस्ट परत लावून. तो कोन फिल्टर मी अडीच हजारांना विकला, घेणाऱ्याला हे सगळं सांगूनसुद्धा त्याने घेतला.

पण थांबा, या आकड्याने फसू नका, मी फसलो होतो. लॅपचा दर कमी दाखवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जास्त लॅप मारणे. शीट छान दिसते, खातं रिकामं होतं. मध्ये एका वर्षी मी तीन वेळा गेलो आणि शीट पप्पांना अभिमानाने दाखवली. ते म्हणाले, ‘‘दर उतरला. बिल उतरलं का?’’ तेव्हापासून शीटमध्ये सगळ्यात वर एक वेगळी ओळ आहे, वर्षाची मर्यादा. मद्रास वर्षात एकदा, बाकी जवळ. आणि त्या ओळीच्याही वर आणखी एक आहे, घरी पाठवायचे पैसे, ते एप्रिलमध्येच जातात. स्लॅबचं काम २०२४ मध्ये झालं. पावसाच्या आधी.

जाता जाता, निघण्याआधी मी काय बघतो ते पटकन. ब्रेक ऑइल सहा महिन्यांच्या आतलं. पॅड चार मिलिमीटरपेक्षा जास्त, नाहीतर नवीन टाकून आधी रस्त्यावर थोडे बसवून घ्यायचे. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत. कूलंट. नट. डिकी ट्रॅकवर पूर्ण रिकामी, स्टेपनीसकट, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटही बाहेर. हेल्मेट फुल-फेस, कुठलं चालतं ते आयोजकाला आधी विचारा, तिथे भाड्याने घेऊ म्हणाल तर घामाचा वास फ्री मिळतो. पाणी भरपूर, चेन्नईचं ऊन काय आहे ते फेब्रुवारीतही कळतं.

ती शीट कुणाला हवी असेल तर मेसेज करा, रिकामी करून पाठवतो. पप्पांची ओळ तशीच ठेवलीय.

पुढच्या भागात सेकंडहँड गाडी बघायला जाताना काय तपासायचं यावर बोलू. त्यात पप्पा स्वतः येणार आहेत, माइकसमोर बसायला तयार झालेत, फक्त त्यांची अट आहे की रेकॉर्डिंग सकाळी सहाला. भेटू.